गोळी गिळायला शिकवावी लागते

'डॉक्टर, मुलाला झोपेसाठी रोज रात्री एक गोळी दिली आहे. गोळी पाहिली की तो तोंड घट्ट मिटून घेतो. कुटून दुधात घातली तर दूध ओळखतो आणि पेला ढकलून देतो. रोज रात्री अर्धा-पाऊण तास रडारड होते. काय करावे?'

अशी तक्रार घेऊन येणारे पालक अलीकडे माझ्या दवाखान्यात वरचेवर दिसू लागले आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लहान मुलांच्या झोपेसाठी गोळी ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नव्हती. आता स्वमग्नता, अतिचंचलता यांचे निदान लवकर होऊ लागले आहे. पालक मुलाला पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांना दाखवून आणतात. चिठ्ठीवर 'रात्री एक' असे लिहिलेले असते. ती एक गोळी मुलाच्या पोटात कशी जायची, हे मात्र कोणी लिहून देत नाही. पालकांना ते विचारायला संकोच वाटतो आणि डॉक्टरांना ते सांगायला वेळ नसतो. मग घरोघरी ज्याला जे सुचेल ते चालते. त्यातले बरेचसे चुकीचे असते आणि काही तर धोक्याचे असते. म्हणून आजचा हा विषय.

आधी एक प्रश्न

गोळी कशी द्यायची हे पाहण्यापूर्वी ती हवी आहे का, हे पाहिले पाहिजे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून १० ते १३ तास, तर तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास. ही झोप मिळत नसेल, तर कारण शोधावे लागते. रात्री अकरापर्यंत मोबाइल पाहणारे आणि सुटीच्या दिवशी दहाला उठणारे मूल साडेनवाला झोपत नाही, यात आजार काही नाही. तोंड उघडे टाकून घोरणारे मूल असेल, तर नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी किंवा टॉन्सिल वाढले आहेत का, ते पाहावे. अशा मुलाला झोपेचे औषध देऊन उपयोग नाही, त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे. रात्री पाय सारखे हलवणाऱ्या, 'पायात कसेतरी होते' म्हणणाऱ्या मुलाच्या रक्तातले लोह तपासावे. ते कमी असेल, तर लोह भरून निघाल्यावर पुष्कळदा झोपही सुधारते. जंत, खाज, दमा, शाळेतली धास्ती ही कारणे आपल्या ओळखीची आहेतच.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. घरात आजी-आजोबांसाठी आणलेली झोपेची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका. सर्दीच्या ज्या औषधाने गुंगी येते ते झोपेसाठी पाजू नका. प्रोमेथाझिन हे त्यातले जुने आणि घराघरांत असलेले औषध. दोन वर्षांखालील मुलांत त्याने श्वास मंदावून जीव जाण्याचा धोका असतो, म्हणून त्या वयात ते वर्ज्य आहे. मुलाला गुंगी आणून निजवण्याची आपली परंपरा तशी जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची 'बाळागोळी' चाटवून जात. त्यांचा नाइलाज होता. आपला तसा नाही.

तरीही काही मुलांना औषध खरोखरच लागते. स्वमग्न मुलांपैकी पुष्कळांना रात्री एक-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही. मग सगळे घर जागते आणि दुसऱ्या दिवशी मूल, आई, शाळा या सगळ्यांचीच परवड होते. दिनक्रम सुधारूनही फरक पडला नाही, तर तज्ज्ञ मेलॅटोनिन देतात. हा पदार्थ आपल्या मेंदूतल्या वाटाण्याएवढ्याही नसलेल्या पिनिअल ग्रंथीत अंधार पडल्यावर तयार होतो. १९५८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. ॲरन लर्नर यांनी तो प्रथम वेगळा केला. हे गुंगीचे औषध नव्हे. 'रात्र झाली' असा निरोप शरीराला देणारा तो पदार्थ आहे. म्हणूनच त्याची मात्रा जितकी महत्त्वाची तितकीच त्याची वेळ महत्त्वाची. सहसा झोपण्याआधी अर्धा ते एक तास ते द्यायचे असते. गोळी दिली आणि खोलीत ट्यूबलाइट, टीव्ही चालूच ठेवला, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. दिवसा पेंग येणे, डोके दुखणे असे त्रास काहींना होतात. वर्षानुवर्षे देण्याच्या परिणामांची माहिती अजून अपुरी आहे. त्यामुळे हे औषध डॉक्टरांनीच सुरू करावे आणि दर काही महिन्यांनी 'आता थांबवून पाहू का?' असे पालकांनी स्वतःहून विचारावे.

पुडीची सवय

आता मूळ विषयाकडे. मूल गोळी गिळत नाही म्हटल्यावर आपण ती कुटतो. ही सवय दवाखान्यांनीच लावली. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा कंपाउंडर खलात दोन-तीन गोळ्या बारीक करून पुड्या बांधत असे, 'सकाळ-दुपार-रात्र'. लोकांचा समज झाला की सर्व गोळ्यांचे चूर्ण करता येते. त्या काळच्या गोळ्या साध्या होत्या, बहुतेक वेळा ते चालून जाई. आजच्या सर्व गोळ्या तशा नाहीत. काही गोळ्यांत औषध हळूहळू, चार-सहा तास झिरपत राहील अशी व्यवस्था केलेली असते. काहींवर जठरातल्या आम्लात न विरघळणारे आवरण असते. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, पीआर अशी अक्षरे दिसली, तर ती गोळी विचारल्याशिवाय फोडायची नाही, चावायची नाही, कुटायची नाही.

एक उदाहरण सांगतो. आमच्या तालुक्यातल्या एका खेड्यातला आठ वर्षांचा स्वमग्न मुलगा. तज्ज्ञांनी मेलॅटोनिनची अशीच सावकाश झिरपणारी गोळी दिली होती, कारण त्याला झोप उशिरा लागत होती आणि मध्यरात्री मोडतही होती. आई रोज ती पाटा-वरवंट्यावर बारीक करून दुधातून देई. मुलगा अर्ध्या-पाऊण तासात झोपे आणि दीड-दोनला टक्क जागा होई. 'डॉक्टर, औषध लागू पडत नाही. पॉवर वाढवून द्या,' असे तिचे म्हणणे. औषध लागू पडत होते. पण रात्रभर पुरवायचे ते पहिल्या तासातच एकदम सुटत होते. शिवाय निम्मे पाट्याला आणि पेल्याच्या तळाला राहत होते, तेव्हा किती पोटात गेले याचाही हिशेब नव्हता. पॉवर वाढवली नाही. तीन आठवडे घालवून त्याला अख्खी गोळी गिळायला शिकवली. त्यानंतर तो पहाटे चार-पाचपर्यंत झोपू लागला. पूर्ण रात्र नव्हे, पण त्या आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे कमी झाली.

युरोपात २०१८ साली स्वमग्न मुलांसाठी मेलॅटोनिनची अशी गोळी मान्य झाली ती अवघ्या ३ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे मोहरीपेक्षा थोडी मोठी. मुलाच्या घशाचा विचार करून औषध बनवले, तर निम्मे काम होते. आपल्याकडे मिळणाऱ्या गोळ्या सर्व इतक्या लहान नसतात. तेव्हा चिठ्ठी लिहून घेतानाच 'यापेक्षा लहान गोळी, पातळ औषध किंवा तोंडात विरघळणारी गोळी मिळेल का?' असे जरूर विचारावे. त्यात भिडेचे कारण नाही.

मूल हट्टी नसते

मूल गोळी गिळत नाही ते हट्टीपणामुळे, असे बहुतेक पालकांना वाटते. जरा विचार करा. वर्षाचे झाल्यापासून आपण त्याला 'नीट चावून खा, तसेच गिळू नकोस, घशात अडकेल' असे शिकवतो. कडक वस्तू जिभेच्या मागच्या भागाला लागली की उमासा येणे, ही निसर्गानेच दिलेली राखण आहे. आणि एके दिवशी आपण हातावर कडक, कडू वस्तू ठेवतो आणि म्हणतो, 'न चावता गिळ!' जे चार-पाच वर्षे शिकवले त्याच्या नेमके उलट. मुलाने तोंड मिटले, तर ते आपलीच शिकवण पाळत असते.

सायकल जशी शिकवावी लागते तशी गोळी गिळणे ही शिकवावी लागणारी कला आहे. पाच-सहा वर्षांपासून बहुतेक मुले ती शिकू शकतात, काही चौथ्या वर्षीही शिकतात. मतिमंद आणि स्वमग्न मुलेही शिकतात, फक्त वेळ अधिक लागतो. मात्र ज्या मुलाला जेवताना, पाणी पिताना ठसका लागतो, लाळ गळते, ज्याला मेंदूचा पक्षाघात आहे किंवा जे अजून पातळ अन्नावरच आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

आपल्या भाषेत 'नाक दाबले की तोंड उघडते' अशी म्हण आहे. राजकारणात ती खरी असेल, औषधाच्या बाबतीत ती घातक आहे. मुलाला मांडीवर आडवे पाडून, हातपाय धरून, नाक दाबून औषध ओतण्याचा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. घशात दोन वाटा आहेत. मागे अन्ननलिका आणि पुढे श्वासनलिका. आपण गिळतो त्या क्षणापुरते श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण पडते आणि श्वास थांबतो. रडणारे, ओरडणारे, नाक दाबलेले मूल तोंडाने जोरात श्वास आत ओढत असते, म्हणजे झाकण उघडे असते. अशा वेळी टाकलेली गोळी किंवा चमचाभर औषध फुफ्फुसाच्या वाटेला जाऊ शकते. आणि समजा गेले नाही, तरी दुसऱ्या दिवशी ते मूल आईचा हात जवळ येताच ओठ मिटणार.

सराव कसा करावा

पहिली गोष्ट, सराव रात्री करू नये. झोपेचे औषध असल्यामुळे सगळी झटापट नेमकी झोपण्याच्या वेळी होते आणि त्या झटापटीनेच मुलाची उरलीसुरली झोप उडते. सराव दिवसा, शाळेतून आल्यावर, थोडे खाऊन झाल्यावर. पाच-दहा मिनिटे, त्याहून जास्त नाही. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी सुटी. आणि सरावासाठी औषधाची गोळी वापरायची नाही.

सुरुवात भाताच्या एका शितापासून करावी. मऊ असते, घाबरण्यासारखे काही नसते. त्यानंतर केकवर टाकतात त्या अगदी बारीक साखरेच्या रंगीत मण्यांतला एक. पुढच्या पायऱ्यांसाठी होमिओपॅथीच्या औषधांच्या दुकानातून औषध न घातलेल्या कोऱ्या साखरेच्या गोळ्या आणाव्यात. त्या गुळगुळीत असतात, तोंडात राहिल्या तरी विरघळतात आणि २०, ३०, ४० अशा क्रमांकांत मिळतात. आकडा मोठा तशी गोळी मोठी. (माझा त्या शास्त्राशी संबंध नाही, पण या साखरेच्या दाण्यांसाठी मी त्यांचा ऋणी आहे!) एका आजीबाईंनी संक्रांतीचा हलवा वापरला होता. कल्पना चांगली, पण हलवा काटेरी असतो आणि घशाला खरखरतो, म्हणून मी तो सुचवत नाही. शेंगदाणे, फुटाणे, वाटाणे, डाळिंबाचे दाणे मात्र कधीही वापरू नयेत. ते विरघळत नाहीत. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा काढायला मुलाला भूल देऊन दुर्बीण घालावी लागते.

मुलाला खुर्चीवर किंवा पाटावर ताठ बसवावे. आधी आई-वडिलांनी किंवा मोठ्या भावंडाने स्वतः एक दाणा गिळून दाखवावा. मग मुलाने दोन घोट पाणी पिऊन तोंड ओले करावे, कारण कोरड्या जिभेला गोळी चिकटते. दाणा जिभेच्या मध्यावर ठेवावा, अगदी मागे नाही. मागे ठेवला की उमासा येतो. मग पाण्याचा चांगला मोठा घोट घेऊन, समोर पाहत, एकदम गिळावे. 'दाणा गिळ' असे न म्हणता 'पाणी पी' असे म्हणावे. लक्ष पाण्याकडे असले की दाणा आपोआप जातो.

येथे आपल्या घरांतली एक सवय आड येते. आपण मुलांना पेला तोंडाला न लावता, उष्टे होऊ नये म्हणून, वरून पाणी प्यायला शिकवतो. वरून पिताना मान पूर्ण मागे जाते, हवाही गिळली जाते आणि गोळीवर ताबा राहत नाही. मान फार मागे टाकली की श्वासनलिकेकडची वाट अधिक उघडी पडते. गोळी घेताना मुलाला त्याचा स्वतःचा पेला द्यावा आणि तो खुशाल तोंडाला लावू द्यावा.

मान कशी ठेवावी याचा अभ्यास झालेला आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली मोठ्या माणसांना दोन रीती करायला लावल्या. साध्या गोळीसाठी मऊ प्लॅस्टिकची पाण्याची बाटली ओठांनी घट्ट धरून, पाणी ओढून घेत गिळायचे. कॅप्सूलसाठी तोंडात घोट घेऊन हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचे. कॅप्सूल हलकी असते, पाण्यावर तरंगते. मान खाली केली की ती घशाकडे येते, मान वर केली की दातांकडे पळते. पहिल्या रीतीने सुमारे ६० टक्के वेळा आणि दुसरीने सुमारे ८९ टक्के वेळा गिळणे सोपे झाले. मुलांच्या बाबतीत कॅनडातील कॅलगरी येथे २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला उपयोगी वाटतो. त्यात मुलांकडून मान सरळ, वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा निरनिराळ्या स्थितींत दोन आठवडे रोज सराव करून घेतला. ज्या मुलाला जी स्थिती सोपी गेली ती त्याची. म्हणून सरळ मानेने जमत नसेल, तर मुलालाच विचारावे, 'कसं केलं की पटकन जातं?' माझ्याकडची एक मुलगी मान उजवीकडे वळवल्याशिवाय गोळी गिळत नाही. दिसायला विचित्र दिसते, पण गोळी जाते ना!

एका आकाराचा दाणा ओळीने चार-पाच वेळा सहज गेला की पुढचा आकार. दोनदा जमले नाही, तर एक पायरी खाली यावे, तो दाणा गिळून घ्यावा आणि तेथेच त्या दिवसाचा सराव संपवावा. जमल्याच्या आनंदावर उठले पाहिजे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला मुलाच्या हाताने एक तारा काढून घ्यावा. मोठमोठी बक्षिसे नकोत, नाहीतर मूल सौदा करू लागते. रागावणे नको, 'बघ, ताई कशी पटकन गिळते' ही तुलना नको आणि चार पाहुण्यांसमोर परीक्षा तर मुळीच नको. काही मुले चार दिवसांत शिकतात, काहींना महिना लागतो. सराव झाल्यावर चूळ भरायला लावावी, शेवटी ती साखरच आहे. मधुमेह असलेल्या मुलाचा सराव शितावरच भागवावा.

स्वमग्न मुलाच्या बाबतीत रोज तीच जागा, तोच पेला, तीच वेळ आणि तेच शब्द. पेला, दाणा, घोट, तारा अशी चार चित्रे काढून क्रमाने भिंतीवर लावली, तर पुढे काय होणार हे त्याला कळते आणि भीती कमी होते.

काही मुलांना पाण्याबरोबर जमतच नाही. त्यांना चमचाभर घट्ट दही, शिकरण किंवा सफरचंदाचा मऊ गर यात गोळी ठेवून, न चावता गिळायला सांगावे. हे चालेल का ते औषधानुसार बदलते, म्हणून विचारून घ्यावे. लोहाची गोळी दूध-दह्याबरोबर देऊ नये, कारण मग लोह नीट शोषले जात नाही. गोळी चमचाभरातच ठेवावी. वाटीभर शिऱ्यात किंवा पेलाभर दुधात मिसळली आणि मुलाने निम्मे टाकले, की निम्मे औषधही गेले. आणि मुलाला सांगून ठेवावी. फसवून घातलेली गोळी दाताखाली आली की त्या मुलाचा दह्यावरचाच नव्हे, वाढणाऱ्या हातावरचाही विश्वास उडतो.

'गोळी' या शब्दाचा घोळ

आपल्या मराठीत एक अडचण आहे. लिमलेटची तीही गोळी आणि औषधाची तीही गोळी. दुकानात दहा रुपयांना मिळते तीही गोळी आणि आजोबांच्या रक्तदाबाची तीही गोळीच. 'चांगलं वागलास तर गोळी देईन' असे म्हणणाऱ्या घरातच 'ही गोळी खा, गोड आहे' असे औषधाबद्दल म्हटले जाते. तीन वर्षांच्या धाकट्याने या दोहोंत फरक कसा करावा? म्हणून माझी विनंती अशी. घरात औषधाला 'औषध'च म्हणावे, सरावाच्या वस्तूला 'दाणा' म्हणावे, दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेवावीत आणि औषधाचा डबा कुलपात ठेवावा. फ्रिजवर किंवा देवघराच्या फळीवर ठेवले म्हणजे मुलांपासून दूर ठेवले, असे होत नाही. मुले स्टूल ओढून चढतात.

हा घोळ शाळेतही होतो. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी चावून खायची असते, अख्खी गिळायची नसते. आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी किंवा निळी गोळी पाण्याबरोबर गिळायची असते. मुलाला 'ही कशी घ्यायची, चावून की गिळून?' असे विचारायची सवय लावली, तर ती जन्मभर उपयोगी पडते.

मेलॅटोनिनच्या गोड, मऊ, फळांच्या चवीच्या चघळगोळ्या आता दुकानांत आणि मोबाइलवरूनही सहज मिळतात. गिळण्याचा प्रश्नच मिटला म्हणून पालक खूश होतात. मला त्या आवडत नाहीत. अमेरिकेत २०२३ साली अशा २५ प्रकारच्या गोळ्या तपासल्या, तेव्हा २२ मध्ये औषधाचे प्रमाण वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे नव्हते. एकीत तर लिहिलेल्याच्या साडेतीन पट होते आणि एकीत मेलॅटोनिन मुळीच नव्हते. त्याच देशात मुलांच्या पोटात चुकून किंवा जास्त मेलॅटोनिन गेल्याच्या नोंदी विषबाधा केंद्रांकडे २०१२ साली ८,३३७ होत्या, त्या २०२१ साली ५२,५६३ झाल्या. त्यांतली बहुतांश मुले पाच वर्षांची किंवा त्याहून लहान होती. गोड लागते म्हणून मूल एकावर थांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुलाने अशा जास्त गोळ्या खाल्ल्याचे कळले, तर बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखान्यात यावे.

रात्रीची वेळ

दिवसा सर्वांत मोठा दाणा व्यवस्थित जाऊ लागला, की मगच रात्री खरे औषध. त्यासाठी मुलाला अंथरुणात देऊ नये, पेंगत असताना तर नाहीच. जेवण, दात घासणे, मग खुर्चीवर बसून औषध, असा क्रम ठेवावा. एका घोटावर गोळी घेऊन लगेच आडवे झाले, तर ती अन्ननलिकेत चिकटून राहते. काही औषधांनी तेथे जखम होते आणि दुसऱ्या दिवशी छातीत दुखते. म्हणून गोळीनंतर आणखी अर्धा पेला पाणी आणि दहा-पंधरा मिनिटे बसून गोष्ट. झोपेचे औषध असेल, तर दिवे मंद करून आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. 'घशात काहीतरी राहिलंय' असे मूल म्हणाले, तर बहुधा गोळी गेलेली असते, नुसता स्पर्श उरलेला असतो. केळ्याचा एक घास आणि वर पाणी द्यावे.

ठसका लागला आणि मूल जोरात खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. पाठीवर थापट्या मारू नयेत, तोंडात बोट घालू नये. आवाज निघत नाही, श्वास घेता येत नाही, चेहरा निळा पडतोय असे दिसले, तर एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. तरी अडथळा निघाला नाही, तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर मुठीने आत आणि वर असे पाच झटके द्यावेत. दोन्ही आलटून पालटून करत राहावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. मूल बेशुद्ध पडले, तर जमिनीवर आडवे करून छाती दाबायला सुरुवात करावी.

गोळी घेतल्यावर उलटी झाली, तर अंदाजाने दुसरी देऊ नये. पहिली किती पोटात राहिली ते आपल्याला कळत नाही. एखाद्या रात्री मेलॅटोनिन गेलेच नाही, तर त्यावरून रणकंदन करू नये. ती रात्र सोडून द्यावी, दुसऱ्या दिवशी दोन देऊ नयेत. एक रात्र जागरण झाले म्हणून मुलाचे काही बिघडत नाही. मात्र यातल्या काही मुलांना फिटचेही औषध चालू असते. तेथे हा नियम लागू नाही. फिटच्या औषधाचा डोस उलटीत गेला किंवा चुकला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.